कन्यादानाला जागं राहण्याचा बंदोबस्त

औरंगाबाद,
फाल्गुन वद्य दशमी

ती. कालिंदीवन्सं,

दमयंतीचा वाकून नमस्कार. भावोजींनाही सांगावा, पण बसल्या जागीच घ्या म्हणावं. आशीर्वाद द्यायला म्हणून ते ताडकन उठतात आणि मग दोन दिवस गुडघा धरून बसतात. नाथषष्ठीची गर्दी आता ओसरली असेल. पाव्हण्यारावळ्यांचं करता करता तुम्ही दमला असाल, त्यात तुमची ती दाढ. काढली का, की अजून लवंगेवरच दिवस ढकलताय? आम्ही इकडे खुशाल आहोत (खुशाल म्हणजे नेमकं काय ते पुढं वाचालच). खरं तर फोनच करणार होते. पण तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, आणि आमच्या घरात दिवसाउजेडी मोठ्यानं बोलायची कोणाला सवय राहिली नाही. मागच्या खेपेला मी फोनवर घसा ताणून सांगितलं ते तुम्हाला ऐकू गेलं नाही, आणि शेजारच्या मनकर्णाबाई मात्र घरात कोणी गेलं का म्हणून पदर खोचून धावत आल्या. म्हणून पत्र.

तुमचं कार्ड मिळालं. वृंदाच्या लग्नात कन्यादान तुम्ही उभयतांनी करावं, असं आमच्या होणाऱ्या व्याह्यांनी, नानासाहेबांनी, जालन्याहून तुम्हाला परस्पर कळवलं, आणि 'मुलीचं भलं होत असेल तर आमची ना नाही' असं भावोजींनी त्यांना उत्तरही धाडलं म्हणे. वन्सं, तुमचा मान मोठा आहे, तुम्ही माझ्या धाकट्या असतात तर मी ह्याच्यापेक्षा कडक लिहिलं असतं. भावोजींनी सोवळ्याचा मुकटा धुऊन वाळत घातला असेल तर तो काढून परत पेटीत ठेवावा. वृंदाचा बाप धडधाकट जिवंत आहे. तो झोपतो, एवढाच त्याचा गुन्हा. कन्यादान तोच करणार, जागेपणी करणार, सकाळच्या ऐन मुहूर्तावर करणार, आणि मी त्याच्या हातावर पाण्याची धार सोडणार. हे मी ठरवलेलं आहे. तुम्ही आमच्या लग्नापासून मला ओळखता, मी ठरवलं म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता तुमच्या बंधूंची बाजू. चितेगावच्या कंपनीत त्यांनी पंचवीस वर्षं रात्रपाळी केली. आठवड्याला पाळी बदलायची तेव्हा पोट बिघडायचं, डोकं चढायचं, म्हणून त्यांनी साहेबाला सांगून कायमची रात्रच मागून घेतली. भट्टी रात्री विझू द्यायची नाही, हे काम. उजाडलं की कंपनीची बस कोपऱ्यावर सोडायची, हे दोन पोळ्या खाऊन झोपायचे, आणि मग आमचा दिवस सुरू व्हायचा, म्हणजे दिवस कसला, मुक्यांचा संसार. खिडकीला घोंगडी. दाराच्या घंटीला फडकं. कुकरच्या शिट्टीनं जाग येते म्हणून मी डाळतांदूळ लावून कुकर मनकर्णाबाईंकडं न्यायची, तिथं शिट्ट्या करून आणायची. (त्या बिचाऱ्या शेतातल्या, मोकळ्या आवाजाच्या. सुरुवातीला म्हणायच्या, 'लई भारी माणूस हाय तुमचा, बाई, शिट्टीला बी भेतो व्हय?' पण पुढं त्यांनीही घरात कुजबुजायची सवय लावून घेतली.) वृंदा शाळेत गेली तेव्हा बाईंनी मला बोलावून विचारलं, पोरीला घशाचा काही विकार आहे का. विकार कसला, तिला मोठ्यानं बोलतात हेच माहीत नव्हतं. ती कविता कानात सांगितल्यासारखी म्हणायची.

दिवाळीत हे निवृत्त झाले. मला वाटलं, सुटले. आता माणसासारखी रात्र आणि माणसासारखा दिवस. पण वन्सं, कंपनीनं माणूस परत दिला, त्याची झोप काही परत दिली नाही. सकाळ झाली की डोळे मिटायचे आणि दिवस कलला की टवटवीत. दिवेलागणीला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खुर्चीत बसायचे. कुठं निघालात म्हटलं की म्हणायचे, 'कुठं नाय, असाच.' मग रात्रभर घरात फेऱ्या, डबे उघडून बघणं, नळ टपकतो का ते तपासणं. मी म्हटलं, होईल हळूहळू. माझं हे 'होईल हळूहळू' साखरपुड्याच्या दिवशी माझ्या गळ्याशी आलं.

तुमची दाढ सुजली म्हणून तुम्ही येऊ शकला नाहीत, आणि नानासाहेबांनी तुम्हाला जे कळवलं त्यात त्यांनी आपल्या बाजूचं तेवढं कळवलं. खरं झालं ते असं. साखरपुडा आमच्याच घरी, भर सकाळी. यांना मी दोनदा चहा पाजला होता, डोळ्यांना पाणी लावलं होतं. पाटावर बसले, गंध झालं, टोपी झाली, सगळं रीतसर. आणि आपल्या गुरुजींनी त्यांच्या हातात अक्षता देऊन सांगितलं, डोळे मिटून कुलदेवतेचं स्मरण करा. आता रात्रपाळीच्या माणसाला सकाळी डोळे मिटायला सांगावं का? त्यांनी मिटले. गुरुजी थांबले. सगळे थांबले. नानासाहेब आपल्या मंडळींच्या कानाशी लागून म्हणाले की व्याही फार सात्त्विक दिसतात. स्मरण लांबलं तशी मान हळूहळू कलशाकडं झुकायला लागली, गुरुजींनी नारळ जरा बाजूला सरकवला, आणि मग घोरणं आलं.

इथवर झालं ते कोणाच्याही घरी झालं असतं. पुढचं फक्त आमच्याच घरी होऊ शकतं. घोरणं ऐकू आल्याबरोबर वृंदा, नवरी मुलगी, साडी सावरत उठली आणि तिनं खिडकीचा पडदा ओढला. मी दिवा मालवला. मनकर्णाबाई पेढ्यांचं ताट घेऊन येत होत्या त्या उंबऱ्यातच एका पायावर थांबल्या. आपल्याकडच्या पोरांनी चपला हातात घेतल्या. इतकंच काय, गुरुजींनी (वीस वर्षं येतात ते आमच्याकडं) पुढचे मंत्र कुजबुजून म्हणायला सुरुवात केली. आणि पाहुणे मंडळी अंधारात, हातात पेढा धरून, आपण कुठं आलो आहोत या विचारात. वन्सं, त्या वेळी त्यांना हलवून उठवावं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या माणसाला दिवसा उठवायचं असतं हे आम्ही पार विसरूनच गेलो आहोत. शेवटी नानासाहेबांनीच खाकरून उठवलं. जाताना गोड बोलले, पण दोन दिवसांनी निरोप आला की मुलगी आम्हाला पसंत आहे, परंतु मांडवात चारचौघांत असा प्रकार नको, तेव्हा कन्यादान दुसऱ्या कोणा वडीलधाऱ्यांनी करावं. बाकी तुम्हाला ठाऊकच आहे. वृंदानं ते ऐकलं आणि एवढंच म्हणाली (कुजबुजतच म्हणाली, पण मला भिंतीवर घण पडल्यासारखं लागलं) की बाबांनी माझा हात दिला नाही तर मी कोणाच्या हातात देणार नाही. यांनी ते ऐकलं. मला तर रडूच आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी कामाला लागते.

पहिला इलाज मी माझ्याच डोक्यानं केला आणि तो फसला. सकाळी झोपू द्यायचंच नाही, उजाडताना बाहेर काढायचं, असं ठरवून मी यांना मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत चालवत नेलं. समोर सूर्य उगवला आणि तुमच्या बंधूंना जांभयांवर जांभया. पंचवीस वर्षं त्यांनी उगवता सूर्य बसच्या खिडकीतून घरी येताना पाहिलेला. त्यांच्या हिशेबी सूर्य उगवला म्हणजे निजायची वेळ झाली. स्टेशनच्या बाकावर जे पसरले ते मला रिक्षात घालून आणावे लागले. दुसऱ्या दिवशी शालू घ्यायला गुलमंडीवर नेलं, म्हटलं रंगीबेरंगी बघून डोळे उघडे राहतील. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर, लोडाला टेकून, पैठण्यांच्या ढिगात झोपले. दुकानदार मोठा अदबीचा. त्यानं पुढच्या साड्या हवेत न झटकता अलगद उलगडून दाखवल्या.

मग मी डॉक्टरांकडं गेले. मला वाटलं टॉनिक देतील, पण त्यांनी मला बसवून समजावलं. म्हणाले, काकू, हा आळस नाही. माणसाच्या मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या अंगाला, तांदळाच्या कणीएवढी एक जागा असते, ते शरीराचं घड्याळ. डोळ्यात उजेड शिरला की त्याला कळतं दिवस आहे. अंधार पडला की रक्तात एक रस उतरायला लागतो आणि झोप येते. अंग कधी तापायचं, कधी गार व्हायचं, भूक कधी लागायची, सगळं तेच ठरवतं. काकांचं घड्याळ बंद नाही पडलेलं, उत्तम चालू आहे, फक्त ते आपल्या गावातलं राहिलेलं नाही. (मी मनात म्हटलं, असली कणी हाताला लागली असती तर सुपात घेऊन केव्हाच पाखडून काढली असती.) मी म्हटलं, मग मागं घेऊ, रोज थोडं लवकर निजवू. तर म्हणाले, तिथंच लोक चुकतात. टोल्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवले तर टोले बिघडतात, तसंच हे. ते मुळातच दिवसाला जरा लांबवायला बघतं, म्हणून त्याला पुढं ढकलणं सोपं. सकाळी झोपत असतील तर दुपारी झोपवा, मग आणखी उशिरा, मग संध्याकाळी, असं ढकलत ढकलत रात्रीवर आणा. जागे असतील तेव्हा भरपूर उजेड, झोपतील तेव्हा मिट्ट अंधार, आणि जेवणंही त्याच बेतानं. एकदा रात्रीवर आले की मग तिथून हलू देऊ नका.

ते दिवस वन्सं तुम्ही पाहायला हवे होतात. घरात पंचांग एकीकडं आणि आम्ही एकीकडं. वरणभात कधी उजाडता, सकाळचा चहा कधी सूर्य डोक्यावर असताना. मनकर्णाबाई दारातून विचारायच्या, 'आज तुमच्याकडं काय चाललंय, सकाळ का सांज?' आणि मला आधी आठवावं लागायचं. एकदा मी यांना दुपारी शुभ रात्री म्हणून दार ओढून घेतलं आणि बाहेर पोस्टमन उभा. पण मी हटले नाही. ते झोपेला आले की मी त्यांना शेवया वळायला बसवायची, जात्यावर बसवायची, रुखवतातल्या बाहुल्यांना मणी ओवायला लावायची. माणूस आज्ञाधारक, भट्टीवर काम केलेला. पोरीच्या हातासाठी चाललंय हे त्यांना माहीत होतं, म्हणून डोळ्यांत मिरची गेल्यासारखे लाल डोळे घेऊन ओवत बसायचे. त्यातल्या एका नवरदेवाला त्यांनी दोन मुंडावळ्या बांधल्या आहेत, ते तसंच ठेवलंय.

फक्त दौलताबादला घात झाला, आणि तो माझ्या हातून झाला हे मान्य करते. त्या दिवशी यांना दुपार टळेपर्यंत जागं ठेवायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते उजेड, भरपूर उजेड. मी म्हटलं, किल्ल्याएवढा उजेड कुठं मिळायचा? चढायला लागलं की झोप आपोआप पळेल. दशम्या बांधल्या आणि यांना घेऊन गेले. तटापर्यंत झकास, माणूस उन्हानं लालबुंद, डोळे सताड उघडे, माझ्याशी चक्क गप्पा मारतायत. आणि मग आली ती अंधारी. वन्सं, आपण सुट्टीत पोरांना घेऊन किती वेळा गेलो, त्या भुयारात स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही, आणि वर जायला वाट तिथूनच, हे मी साफ विसरले. बन्सी म्हणून एक वाटाड्या पलिता घेऊन पुढं होता. तो सांगत होता, इथं शत्रू कसा अडकायचा, इथं तेल कसं ओतायचे. मी मागं वळून बघते तर आमचा शत्रू नाहीच. बाहेर लख्ख दुपार असताना त्यांच्या कणीला रात्र लागली होती आणि माणूस पायरीवर बसून गाढ झोपला होता. मागून आलेली एक सहल त्यांना अडखळली, वर वटवाघळं, पोरांचा गलका, तरी हूं नाही. बन्सी म्हणाला, 'बाई, पुरानी जगा है, इथं लोकं घाबरून पळत्यात, झोपलेला मानूस म्या पयल्यांदा बघितला.' त्यानं आणि मी मिळून यांना उन्हात ओढलं. मी तिथंच पायरीवर बसून डोळे पुसले आणि म्हटलं, चला, परत पहिल्यापासून.

आणि परत पहिल्यापासून केलं. आता ऐका. आज कित्येक दिवस झाले, हे रात्री जेवून अंथरुणाला पाठ टेकतात आणि पहाटे दूधवाल्याच्या आधी उठतात. अंगणात रांगोळीपाशी उभं राहून सूर्य बघतात, आणि जांभई नाही. सकाळी पेपर वाचतात, मोठ्यानं वाचतात. वृंदाला म्हणाले, तुझा आवाज तुझ्या आजीसारखा आहे गं, मला माहीतच नव्हतं. मधेच एखाद्या रात्री उठून फेऱ्या सुरू होऊ नयेत म्हणून मी खबरदारी घेतली आहे. रात्री यांच्या खोलीबाहेर ट्यूबलाइटखाली रुखवताचं काम घेऊन पहाऱ्याला बसते. दार हललं की मी हजर. तेव्हा भावोजींनी नानासाहेबांना ठणकावून कळवावं की कन्यादान वृंदाचे आईवडीलच करतील, दोघंही टक्क जागे राहून करतील, आणि कोणाला शंका असेल त्यानं समोरच्या रांगेत बसून खात्री करावी. एवढं लिहून तुमच्या पायांवर डोकं ठेवते. दाढेचं मनावर घ्या.

तुमची हट्टी भावजय,
दमयंती

ता. क. वरच्या पानावर 'टक्क जागे' ह्या शब्दांपाशी शाई पसरली आहे ती शाईच आहे, अश्रू नव्हेत. तिथं माझा जरा डोळा लागला. दुपारची वेळ होती.

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी तुमच्यापासून काही लपवू नये असं वाटलं. काल सकाळी गुरुजींनी कन्यादानाची तालीम घेतली, वृंदाचाच आग्रह. हे ओंजळ धरून ताठ बसलेले, चिमणीसारखे जागे. मी तांब्या घेऊन शेजारी. गुरुजींनी धार सोडा म्हटलं, मी सोडली, आणि पुढचं मला आठवत नाही. सगळा तांब्या यांच्या धोतरावर गेला होता. यांनी एका हातानं तांब्या धरला, एका हातानं मला धरलं, आणि गुरुजींना म्हणाले, माझाच धक्का लागला. डॉक्टरांकडं गेले तर ते हसायला लागले. म्हणाले, काकू, रात्र रात्र दिव्याच्या उजेडात बसलात, दिवसा डुलक्या काढल्यात, तुमच्या कणीला वाटणारच की तुम्ही रात्रपाळीला लागलात. पुढं ढकलत आणायला हवं म्हणाले. आता नवरीच्या आईनं लग्नाच्या तोंडावर कधी सकाळी झोपायचं आणि कधी संध्याकाळी?

तिसरा, आणि हा भावोजींना वाचून दाखवा, शक्य तर मोठ्यानं. मुहूर्त त्यांनीच काढला आहे, तर त्यांनीच तो बदलून गोरज मुहूर्त काढावा. यांच्यासाठी नाही हो, यांना आता सकाळ चालते. माझ्यासाठी म्हणा, किंवा आम्हा तिघांसाठी म्हणा. हे दिवसभर निजून दिवस कलताना उठायचे आणि अंधार पडला की बस यायची. मधला जो काय तासदीड तास, तेवढाच आमचा संसार. त्यातच वृंदाची वेणी त्यांनी घातली, त्यातच तिचा अभ्यास घेतला, त्यातच आम्ही भांडलो आणि त्यातच मिटवलं. काल हे दिवेलागणीला माझ्याशेजारी पायरीवर बसले होते, वृंदा मधे, आणि माझ्या लक्षात आलं की तिघांचेही डोळे लख्ख उघडे आहेत. ती वेळ आम्हाला कुठल्याच कणीनं कधी चुकवलेली नाही. पोर जायचीच आहे तर त्या वेळी जाऊ दे, म्हणजे दोघांनाही ती जाताना दिसेल. नानासाहेबांनी कारण विचारलं तर ग्रहांचं सांगा, आमचं सांगू नका.